घरी केस ब्लीच करताय? आधी केसांचं वय मोजा

आपल्याकडे 'ब्लीच' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. संडास-बाथरूम घासायचं ते ब्लीच. घरात लग्न निघालं की मावशी-काकू पार्लरमध्ये चेहऱ्याला लावून येतात ते ब्लीच. आणि काळे केस सोनेरी करायचं ते ब्लीच. पहिल्यात सोडियम हायपोक्लोराइट असतं. ते केसांच्या आसपासही न्यायचं नाही, आणि पेरॉक्साइडमध्ये तर चुकूनही मिसळायचं नाही. दुसरं हे तिसऱ्याचं लांबचं नातेवाईक, पण ते चेहऱ्यावरची लव उजळण्यापुरतं. डोक्यावरच्या दाट केसांसाठी नाही. आज बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल. पॉडकास्ट ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

परदेशात आल्यावर हा विषय अनेकांच्या डोक्यात (आणि डोक्यावर) येतो. घरापासून लांब असतो, कुणी विचारणारं नसतं, आणि सलूनचा भाव ऐकला की दुकानातलं किट एकदम स्वस्त वाटायला लागतं. करू नका असं आम्ही म्हणणार नाही. काळे केस घरी ब्लीच करता येतात. पण किटच्या खोक्यावर जी मुलगी हसत असते, तिची सुरुवात बहुधा तुमच्यासारख्या केसांपासून झालेली नसते. आणि इथे चूक झाली तर दोनच गोष्टी होतात, दोन्ही वाईट: टाळूची कातडी भाजते किंवा केस तुटतात. कातडी निदान भरून येते. केस हा मृत पदार्थ आहे, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. बिघडलेला केस कापावाच लागतो.

म्हणून आधी केसाच्या आत काय होतं ते बघू.

केसाचं बाहेरचं आवरण म्हणजे कौलारू घराचं छप्पर समजा. एकावर एक चढलेल्या पातळ, पारदर्शक कौलांचे थर. त्याच्या आत काथ्याच्या दोरीसारखे पिळलेले प्रथिनांचे धागे, केराटिनचे. या धाग्यांना एकमेकांशी घट्ट बांधून ठेवतात ते गंधकाचे पूल. केस जळल्यावर जो विशिष्ट घाण वास येतो, तो याच गंधकामुळे. रंगाचे कण या आतल्या भागात असतात, छपराखाली. याचा अर्थ सरळ आहे: रंगापर्यंत पोचायचं तर कौलं उचकटावीच लागतात. केसाला अजिबात धक्का न लावता ब्लीच करणारं उत्पादन असूच शकत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

किटमध्ये दोन गोष्टी येतात. एक पावडर आणि एक पातळ क्रीमसारखं 'डेव्हलपर'. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. हे रसायन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी १८१८ मध्ये शोधलं. पावडरीत पर्सल्फेट नावाचे क्षार आणि केस फुगवणारे अल्कलीधर्मी पदार्थ असतात. दोन्ही एकत्र झाले की केस फुगतो, कौलं उघडतात, पेरॉक्साइड आत शिरतं आणि रंगाच्या कणांचं ऑक्सिडेशन करून त्यांचे तुकडे पाडतं. दिवसभर उन्हात हुंदडणाऱ्या पोरांचे केस तांबूस होतात ना, तोही ऑक्सिडेशनचाच प्रकार, फक्त महिनोन्‌महिने चालणारा. किट ते काम पाऊण तासात उरकतं. मात्र पेरॉक्साइडला रंग कुठला आणि पूल कुठला हे कळत नाही. रंग तुटता तुटता गंधकाचे पूलही तुटतात, आणि असे ऑक्सिडेशन झालेले पूल परत जुळत नाहीत.

आता आपल्या केसांचा खास प्रश्न. केसांत दोन प्रकारचं मेलानिन असतं: काळं-तपकिरी युमेलानिन आणि तांबूस-पिवळं फिओमेलानिन. आपल्या केसांत युमेलानिन भरपूर. ते आधी तुटतं; फिओमेलानिन जास्त चिवट, ते मागे राहतं. शिवाय अर्धवट तुटलेलं युमेलानिनही तांबूसच दिसतं. त्यामुळे काळा केस थेट सोनेरी होत नाही. तो आधी तांबडा-तपकिरी, मग विटकरी, मग भडक नारिंगी, मग पिवळा आणि सगळ्यात शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा होतो. कोरियन गायकांसारखे चंदेरी केस हवे असतील तर त्या शेवटच्या पायरीपर्यंत जावं लागतं. एका बैठकीत, घरी, काळ्या केसांवर ती पायरी गाठायचा प्रयत्न करणं हेच बहुतेक अपघातांचं मूळ आहे. मध्येच नारिंगी दिसलं की माणूस घाबरतो, 'अजून थोडा वेळ ठेवू' म्हणतो, किंवा लगेच दुसरा हात मारतो. नारिंगी म्हणजे बिघाड नाही. तुमचे केस बरोबर वाटेवर आहेत आणि आज इथेच थांबायचंय, एवढाच त्याचा अर्थ.

डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून सुमारे २० लिटर ऑक्सिजन वायू सुटू शकतो. टक्क्यांत सांगायचं तर १० म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये केसांच्या उत्पादनांत १२ टक्क्यांच्या वर पेरॉक्साइड चालत नाही. म्हणजे ४० ही कायद्याने आखलेली शेवटची रेघ आहे. 'आपले केस काळे, म्हणून आपल्याला ४०' असा हिशोब करू नका. घरी २० पुरे. काम हळू होतं, आणि हळू होणं हाच फायदा आहे, कारण थांबायला वेळ मिळतो.

आता शीर्षकातल्या वयाकडे येऊ. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. पट्टी घ्या आणि मोजा. खांद्याखाली येणारा ३६ सेंटीमीटरचा केस असेल तर त्याचं टोक तीन वर्षांचं आहे. तुम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून किंवा नागपूरहून निघाला असाल, तर केसांचा खालचा अर्धा भाग अजून तिकडचाच आहे. निघण्याआधी त्याला जे जे लावलं ते सगळं त्यात आहे, तुम्ही विसरला असलात तरी. 'मी केसांना कधीच काही केलेलं नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला ताईच्या लग्नातली मेंदी हमखास आठवत नाही.

तर आठवून बघा.

साधी, शुद्ध मेंदी: तिच्यातला लॉसोन नावाचा रंग केराटिनला चिकटून बसतो. ब्लीच त्याला पूर्ण काढू शकत नाही, तिथे हट्टी नारिंगी उरतो. धोका नाही, निराशा आहे. मेंदीबरोबर नीळ, म्हणजे इंडिगो, लावली असेल तर ब्लीच केल्यावर केस हिरवट निघू शकतात.

'काळी मेंदी' आणि पुडीतले काळे डाय: यांचा काळा रंग मेंदीच्या पानातून आलेला नसतो, बहुतेक वेळा तो पीपीडी या रसायनाचा असतो. असा साठलेला काळा डाय ब्लीचने ठिपक्याठिपक्यांनी उतरतो. मुळांशी सोनेरी, मध्ये विटकरी, टोकाला काळा, असं चित्र दिसतं. काही मिश्र मेंदी-पावडरींत आणि हळूहळू केस काळे करणाऱ्या काही जुन्या उत्पादनांत धातूंचे क्षारही असतात. ती गोष्ट खरोखर धोक्याची. धातूच्या संपर्कात पेरॉक्साइड एकदम वेगाने फुटतं, मिश्रण तापतं, फसफसतं आणि केस डोक्यावरच वितळल्यासारखे होतात.

स्मूदनिंग, रिबॉन्डिंग: इथे गंधकाचे पूल एकदा तोडून परत जोडलेले आहेत. त्यावर ब्लीच म्हणजे दुरुस्त केलेल्या भिंतीवर पुन्हा घण. रिबॉन्डिंग केलेला भाग कापून जाईपर्यंत त्याला घरी हात लावू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. या एका बाबतीत 'जरासंच लावते' हेही नको.

काय काय लावलंय हे आठवत नसेल तर केसांनाच विचारता येतं. विंचरताना निघालेली गुंतवळ चार दिवस साठवा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत थोडं ब्लीच कालवा, तेच जे तुम्ही वापरणार आहात, आणि गुंतवळ त्यात बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवा. अधूनमधून वाटीला हात लावा. वाटी गरम झाली, बुडबुडे आले, विचित्र वास सुटला, तर बेत रद्द. काही झालं नाही तर गुंतवळ धुऊन रंग बघा आणि ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणा. चांगला केस थोडा ताणला जातो आणि परत जागेवर येतो. शिजलेल्या शेवईसारखा लांबत जाऊन तुटला तर डोक्यावरचाही तसाच तुटणार आहे. यानंतर मानेवरची, आतली एक बारीक बट घेऊन तोच प्रयोग डोक्यावर करा, वेळ लावून. किती मिनिटांत कुठल्या रंगापर्यंत जाता येतं हे त्या बटेवर कळतं. या चाचणीने तुमचा एक दिवस जाईल, जाऊ द्या.

धातूची भांडी आणि चमचे बाजूला ठेवायचे तेही याच कारणासाठी. जुन्या पाइपांतल्या पाण्यातून केसांत थोडं तांबंही मुरतं, आणि तेही पेरॉक्साइडला भडकवतं. म्हणून दोन-तीन दिवस आधी एकदा चेलेटिंग शाम्पूने, म्हणजे धातू धरून काढणाऱ्या शाम्पूने, केस धुवावेत. त्यानंतर मात्र धुऊ नका. टाळूवरचं नैसर्गिक तेल कातडीचं थोडंफार रक्षण करतं.

कातडीची चाचणी वेगळी. ४८ तास आधी, पाकिटावर सांगितलं असेल त्या पद्धतीने, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. पर्सल्फेटची ॲलर्जी असते, आणि ती नुसत्या खाजेपुरती राहत नाही. रोज ही पावडर हाताळणाऱ्या केशकर्तनकारांना त्यातून दमा होतो हे वैद्यकात चांगलं माहीत असलेलं आहे. तुम्हाला दमा असेल तर हे काम घरी करू नका. ब्लीचमध्ये पीपीडी नसतं, पण नंतर लावायच्या टोनरमध्ये ते किंवा त्याचं भावंड असू शकतं, तेव्हा त्याचीही चाचणी हवी. समुद्रकिनाऱ्यावर किंवा जत्रेत काढलेल्या काळ्या मेंदीच्या टॅटूने कधी फोड आले असतील, तर पीपीडीची ॲलर्जी आहे असं समजूनच चाला. ती सहसा जन्मभर राहते.

आता प्रत्यक्ष दिवस. खिडकी उघडता येईल अशी खोली निवडा; इथल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये दार लावून बसू नका. गालिचा असेल तर जुनी चादर अंथरा, एक थेंब पडला तरी घरमालक डिपॉझिटमधून कापतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. हातमोजे घाला. जखम, पुरळ, सोरायसिस असेल तर तो दिवस पुढे ढकला. आणि डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही, म्हणून कुणाला तरी सोबत घ्या. फ्लॅटमेटला जेवायला घालण्याच्या बोलीवर हे काम सहज होतं.

मिश्रणाचं प्रमाण पाकिटावरचंच ठेवा. केस चार भागांत विभागून क्लिपा लावा, आणि बारीक बारीक थर घेत लावत जा. मुळांपासून सुरुवात करायची नाही. टाळूची ऊब लागून मुळांजवळचे दोन-तीन सेंटीमीटर झपाट्याने उजळतात. आधी तिथे लावलं तर डोक्यावर पिवळा पट्टा आणि खाली विटकरी केस, असं ध्यान तयार होतं. म्हणून मधल्या लांबीपासून सुरू करा, मुळं सोडा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी मुळांवर या. टोकं जुनी आणि कोरडी असतील तर त्यांना शेवटी थोडा वेळच द्या किंवा अजिबात देऊ नका. वरून साधी प्लॅस्टिकची टोपी चालते, कारण मिश्रण वाळलं की त्याचं काम थांबतं. हेअर ड्रायर, गरम टॉवेल, फॉइल गुंडाळून हीटरजवळ बसणं हे सगळं बंद. ब्लीच आणि उष्णता एकत्र येऊन टाळू खोलवर भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

दर पाच-सात मिनिटांनी एक बट पुसून बघा. पाकिटावरची कमाल वेळ आली की रंग कुठलाही असो, धुवायचं. थोडी चुणचुण चालते. आग व्हायला लागली तर वेळेची वाट न बघता त्याच क्षणी कोमट-गार वाहत्या पाण्याखाली डोकं धरायचं, वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तरी तेवढंच, आणि मग डॉक्टर. ओठ-चेहरा सुजला, धाप लागली किंवा चक्कर आली तर केस धुवत बसू नका, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११ फिरवा. उरलेलं मिश्रण पुढच्या वेळेसाठी झाकण लावून ठेवायचं नाही; त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद डबा फुटू शकतो. भरपूर पाण्याबरोबर वाहून टाका.

धुतल्यावर आरशात जे दिसेल ते बहुधा तांब्याच्या भांड्याच्या आणि संत्र्याच्या मधलं काहीतरी असेल. इथे टोनरचा उपयोग. रंगचक्रात समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात: नारिंगीला निळा, पिवळ्याला जांभळा. दुकानात सगळीकडे दिसणारा जांभळा शाम्पू पिवळ्या केसांसाठी आहे, नारिंगी केसांवर तो जवळजवळ काहीच करत नाही. निळ्या छटेचा टोनर लावला की तोच नारिंगी कॅरमेल किंवा मधाच्या रंगाकडे झुकतो. आणि आवडीचा प्रश्न असला तरी सांगतो, आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला तांबूस, मधाळ छटा फार छान दिसतात. खूप जण चंदेरीच्या वाटेला निघून इथेच मुक्काम करतात आणि खूश असतात.

पुढेच जायचं असेल तर मध्ये निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या, आणि परत ती ताणून बघायची चाचणी. तिसऱ्या बैठकीची गरज वाटायला लागली तर मात्र पैसे साठवा आणि सलूनमध्ये जा. 'बॉण्ड बिल्डर' म्हणून मिळणारी उत्पादनं जोडीला वापरायला हरकत नाही, पण ती लावली म्हणून जास्त वेळ ठेवायची किंवा जास्त व्हॉल्यूम घ्यायची परवानगी मिळत नाही.

ब्लीचनंतर केस ओले असताना चिकट आणि वाळल्यावर खरबरीत लागतात. कौलांवर मुळात एक पाणी झटकणारा, तेलकट पदार्थाचा अतिसूक्ष्म थर असतो. अल्कलीधर्मी पेरॉक्साइड तो काढून टाकतं. मग केस पाणी जास्त पितो, फुगतो, आणि प्रत्येक धुण्याबरोबर आतलं प्रथिन थोडं थोडं वाहून जातं. इथे आजीचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात केस धुण्याआधी खोबरेल लावलं तर प्रथिनांची गळती कमी होते असं दिसलं, चांगल्या केसांतही आणि खराब झालेल्या केसांतही. बाकी दोन तेलांनी तसं झालं नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू छोटे आणि सरळ असतात, म्हणून ते केसाच्या आत शिरू शकतात असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. मॅरिको म्हणजे पॅराशूट विकणारी कंपनी, हे लक्षात ठेवूनच तो निबंध वाचायचा. तरी प्रयोग साधा आहे आणि कारण पटण्यासारखं आहे. तेव्हा न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल, आठवड्यातून एक-दोनदाच शाम्पू, दर वेळी कंडिशनर, ओल्या केसांत कंगवा नाही, आणि महिनाभर तरी स्ट्रेटनर कपाटात.

दीड-दोन महिन्यांनी मुळांशी काळी रेघ दिसायला लागेल. तेव्हा ब्लीच फक्त त्या नव्या काळ्या भागाला लावायचं, आधीच उजळलेल्या केसावर चढू द्यायचं नाही; केस तुटतात ते बहुतेक वेळा याच सांध्यावर. जुन्या भागावर कंडिशनरचा जाड थर दिला की मिश्रण खाली ओघळलं तरी निभावतं. ही कसरत दर दोन महिन्यांनी नको असेल तर पहिल्यापासूनच मुळं सोडून खालच्या केसांत चार-पाच बटा करा. वाढत्या केसांबरोबर त्या खाली सरकतात, काळी रेघ दिसतच नाही, आणि टाळूला ब्लीच लागायचा प्रश्नच येत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला आम्ही हेच सुचवू.